भिंतीवर आणि हातात

विद्यार्थ्यांच्या लघुपट-प्रकल्पाच्या सबमिशनच्या दिवशी टेबलावर स्पायरल बाइंडिंग केलेल्या फायलींची चळत लागते. लघुपट पेन ड्राइव्हमध्ये, पटकथा आणि शूटिंगचे वेळापत्रक फायलीत, आणि अगदी शेवटी प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटांत दोन रंगीत पाने : एक चित्रपटाचे पोस्टर, दुसरे मासिकाचे मुखपृष्ठ. बहुतेक फायलींत या दोन पानांवर एकच चित्र असते. नायकाचा तोच फोटो, तेच काळे ढग, तीच अक्षरे. पोस्टरच्या तळाशी बारीक नावांची रांग असते. मुखपृष्ठावर ती पुसून माथ्यावर एक इंग्रजी नाव आणि कोपऱ्यात किंमत व बारकोड चिकटवलेला असतो. तो बारकोड स्कॅन केला तर बिस्किटाच्या पुड्याचा निघेल, अशी मला दाट शंका आहे.

विचारले की उत्तर ठरलेले : "सर, फिल्म तीच आहे ना, मग चित्र वेगळे कशाला?" प्रश्न प्रामाणिक आहे आणि तोंडी परीक्षेच्या पाच मिनिटांत त्याचे उत्तर देऊन होत नाही. म्हणून ही पुस्तिका.

नगर जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला चित्रपट परका वाटावा असे आता काही उरलेले नाही. नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला तो नगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयात संज्ञापनाचे शिक्षण घेत असताना. शाळेची ओढ लागलेल्या एका मुलाची ती छोटीशी गोष्ट राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत गेली आणि त्यातला सूरज पवार पुढे 'फँड्री' व 'सैराट'मध्येही दिसला. आता विद्यार्थ्यांच्या लघुपटाला इथे कोणी पोरखेळ म्हणत नाही. मुलेही ध्वनी आणि संकलनापायी रात्री जागवतात. पोस्टर आणि मुखपृष्ठ मात्र सबमिशनच्या आदल्या रात्री, मोबाइलमधल्या तयार टेम्प्लेटमध्ये फोटो बसवून उरकले जाते. ज्यांनी लघुपट पाहिलेला नाही त्यांच्यापर्यंत पोचणार असतात ती ही दोनच पाने, आणि तीच सर्वांत घाईने केलेली असतात.

आधी भिंतीकडे पाहू. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आणला तेव्हा चित्रपट ही काय चीज आहे इथपासून सांगायचे होते. त्यांची एक जाहिरात अजून सांगितली जाते : सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र आणि दर अवघा तीन आणे. तासन्‌तास चालणाऱ्या नाटकांची सवय असलेल्या गिऱ्हाइकाला पैसे वसूल होतील असे वाटायला हवे होते, म्हणून फाळक्यांनी सिनेमा कापडासारखा लांबीवर विकला. गिऱ्हाईक कोण आणि त्याची शंका कोणती, हे त्या जाहिरातीला नेमके कळले होते. चित्र नसूनही तिच्यात पोस्टरची अक्कल आहे.

शब्दांच्या जागी चित्र आणून बसवले ते कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी. त्यांचे मूळ आडनाव मेस्त्री. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता 'पेंटर' झाले. महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून त्यांनी १९२० मध्ये 'सैरंध्री' केला. त्यांच्या 'कल्याण खजिना' (१९२४) या चित्रपटाचे पोस्टर आज टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या भारतीय पोस्टरांत गणले जाते. नाटकाचा पडदा रंगवणाऱ्याला एक गोष्ट अंगवळणी पडलेली असते : शेवटच्या रांगेत बसलेल्यालाही महाल हा महालच दिसला पाहिजे. तीच नजर पोस्टरवर आली. पुढे पन्नासेक वर्षांनी दिवाकर करकरे यांनी 'दीवार'सारख्या चित्रपटांची पोस्टर्स केली, तेव्हा छायाचित्रावर सुरीने तैलरंगाचे जाड फटकारे चढवण्याची त्यांची रीत गाजली. गालावरचा नारिंगी पट्टा जवळून भडक वाटे. रस्त्याच्या पलीकडून पाहिले की त्या पट्ट्यामुळेच चेहऱ्यावरचा राग कळे.

आपल्याकडे सिनेमा फक्त भिंतीवर अवलंबून नव्हता. ट्रकमध्ये तंबू आणि प्रोजेक्टर घालून जत्रांमागून जत्रा फिरणारी टुरिंग टॉकीज महाराष्ट्राने दीर्घकाळ पाहिली. 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा त्यांच्यावरचा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. अशी एक जत्राच घ्या : पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांची यात्रा भरते. तिथे गाढवांचा बाजार असतो, रेवड्यांची दुकाने असतात, कुणाच्या खांद्यावर पोर असते, कुणाच्या हातात नारळ. या गर्दीत तुमचे पोस्टर लावले आहे असे समजा. माणूस चालता आहे, त्याला मागून ढकलले जाते आहे, त्याचे लक्ष पोराच्या चपलेकडे आहे. त्याच्याकडून तुम्हाला फार तर तीन श्वास मिळतील. त्यात त्याला एक आकार, एक नाव आणि एक भाव एवढेच घेता येईल. चौथी गोष्ट घातलीत तर आधीच्या तिन्ही जातील.

मुखपृष्ठाचे गिऱ्हाईक वेगळे असते. तो थांबलेला असतो. अंक त्याच्या हातात असतो, डोळ्यांपासून वीतभर अंतरावर. तो उलटून मलपृष्ठ पाहतो, किंमत पाहतो, आत काय आहे याचा अंदाज घेतो. तो त्या मासिकाला बहुधा आधीपासून ओळखतही असतो. पोस्टर एका चित्रपटाचे असते आणि चित्रपट उतरला की त्याच्यावर दुसरे चिकटवले जाते. मुखपृष्ठ मात्र मासिकाचे असते. तुमचा चित्रपट त्या घरी एका महिन्यापुरता आलेला पाहुणा. पाहुण्याने दारावरची पाटी बदलायची नसते.

म्हणूनच मुखपृष्ठाच्या आधी मासिक लागते, आणि इथेच विद्यार्थ्यांची खरी अडचण आहे. सिनेमे त्यांनी शेकड्यांनी पाहिलेले असतात. मासिक मात्र हातात धरून वाचलेले नसते. मग परदेशी चित्रपट-मासिकाचा साचा उचलला जातो. हे नगरला तरी शोभत नाही. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये इथेच, अमेरिकन मराठी मिशनने सुरू केले. मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये सुरू केलेले 'दीनमित्र' हे सत्यशोधक साप्ताहिक पुढे नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून निघत राहिले आणि १९६७ पर्यंत, म्हणजे मुकुंदरावांच्या अखेरीपर्यंत चालले. आपण कोणाशी बोलतो आहोत हे 'दीनमित्र'च्या नावातच आहे. तुमच्या कल्पनेतल्या मासिकाचे नाव ठेवताना एवढे जरी साधले तरी अर्धे मुखपृष्ठ झाले.

मराठी मुखपृष्ठाची स्वतःची एक मोठी परंपराही आहे आणि ती पाहिल्याशिवाय कोणी संगणक उघडू नये. का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला आणि वर्षातून एकदा सजून दारात उभे राहण्याची सवय आपल्या मासिकांना लागली. मडगावात जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचा 'दीपावली' काढला. दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठे अंक वाचून झाल्यावर लोक कापून भिंतीवर लावत. चित्रपट आणि मासिक या दोन्ही बाजू एकाच हाताने सांभाळलेल्या पाहायच्या असतील तर एस. एम. पंडित यांचे काम शोधावे. त्यांनी सिनेमाची पोस्टर्स रंगवली आणि बाबूराव पटेलांच्या 'फिल्मइंडिया'ची मुखपृष्ठेही. दोन्हींकडे देखणे चेहरेच आहेत; पण मुखपृष्ठावरचा चेहरा वाचणाऱ्याशी ओळख असल्यासारखा समोर येतो, आणि पोस्टरवरच्या चेहऱ्यांचे एकमेकांशी काहीतरी चाललेले असते, ज्याकडे आपण बाहेरून पाहतो.

नुसते सांगून हा फरक पटत नाही, म्हणून या पुस्तिकेत एक उदाहरण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चालवले आहे. समजा, लघुपटाचे नाव 'अर्धा कोयता'. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या मुलांना अर्थ सांगावा लागणार नाही. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटे माणूस असेल तर तो अर्धा कोयता. आपल्या गोष्टीत बाप गेला आहे, आई एकटीच टोळीबरोबर निघाली आहे, आणि आठवीतली मुलगी मनाशी ठरवते आहे की उरलेला अर्धा आपण व्हायचे. दिवाळी झाली की शाळेच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीची रांग सुरू होते.

पोस्टरसाठी पहिले कच्चे चित्र प्रत्येक गटाकडून ठरल्यासारखे येते : मागे उसाचा फड, मध्ये मुलगी, एका हातात पुस्तक, दुसऱ्यात कोयता, वर मावळता सूर्य. सगळी गोष्ट सांगून टाकली. आता सिनेमा कशाला पाहायचा? मढीच्या गर्दीतल्या माणसाला यातले काहीच दिसणार नाही हा आणखी वेगळा भाग. मग आपण एकेक वस्तू काढत जातो. सूर्य गेला, फड गेला, पुस्तक गेले. राहिला एक कोयता, तोही मुठीपासून अर्धाच दिसणारा, आणि खाली नाव. आता नावाकडे नीट पाहा. 'अर्धा'मधल्या 'धा'च्या डोक्यावर रफार आहे, आणि रफाराचा आकार कोयत्याच्या पात्याचाच आहे. वेगळा कोयता काढायची गरजच उरली नाही. रिकाम्या, वाळल्या पाचटाच्या रंगाच्या पोस्टरवर मोठी काळी अक्षरे आणि त्यांच्या वर लोखंडासारखा चमकणारा एक रफार. हे पोस्टर रोमन लिपीत होऊच शकत नाही.

आता मुखपृष्ठ. रफाराची ती युक्ती इथे चालत नाही, कारण इथे सर्वांत मोठे नाव मासिकाचे असणार. मग विचारायचे : मासिक कोणाचे? ते शिक्षकांचे असेल तर मुखपृष्ठावर हजेरीपटाचे पान येईल, एका नावापुढे लाल शाईच्या खुणा, आणि ओळ : 'दिवाळीनंतर ती कुठे जाते?' चित्रपटाला वाहिलेले असेल तर मुलीचे काम करणारी अभिनेत्री येईल, मेकअपशिवाय, वाचकाकडे रोखून पाहणारी. आत तिची मुलाखत असेल. शेतकऱ्यांचे असेल तर कदाचित कारखान्याच्या काट्यावर उभी असलेली उसाची गाडी. लघुपट एकच, पण प्रत्येक मासिक त्याला आपल्या वाचकाच्या वतीने वेगळा प्रश्न विचारते. "मग चित्र वेगळे कशाला?" याचे उत्तर मला इतकेच देता येते.

देवनागरी अक्षरांवर या पुस्तिकेत एक पूर्ण प्रकरण आहे, कारण सर्वाधिक पोस्टर्स तिथेच पडतात. इंग्रजीतून शिकलेले नियम मराठीवर लादले की अक्षरे लंगडतात. अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाच्या फासळ्या दिसू लागतात. अक्षरे एकाखाली एक रचली की वेलांटी कोणाची आणि उकार कोणाचा हे कळेनासे होते. आपल्याकडे कॅपिटल अक्षरे नाहीत. म्हणून काय महत्त्वाचे हे आकार, जाडी आणि मोकळी जागा यांनीच सांगावे लागते. वर मात्रा-रफार आणि खाली उकार असल्यामुळे दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागते. पोस्टरच्या तळाची नावे इंग्रजीत उंच-अरुंद अक्षरांत लावण्याची प्रथा आहे. कारण करारात नावाची उंची ठरलेली असते, रुंदी नसते. तसेच देवनागरी अक्षर दाबले तर मात्रा एकमेकींत अडकतात. विद्यार्थ्याला असा कुठला करार बांधत नाही, तेव्हा नावे कमी आणि वाचता येतील अशी लावावीत.

फोटोशॉपमध्ये भारतीय लिपींचे सेटिंग निवडलेले नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरे सुटी होतात. 'दिग्दर्शक' हा शब्द बिघडलेल्या रूपात छापून आलेली पोस्टर्स पाहून दिग्दर्शकाचे काय होत असेल ते त्याचे त्यालाच ठाऊक. छपाईला देण्याआधी मराठी मजकूर दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही.

फॉन्ट निवडतानाही हाच विचार हवा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' संगणकाच्या पडद्यावर मजकूर वाचण्यासाठी आहे. त्यात थरारपटाचे नाव लिहिले तर सरकारी परिपत्रक वाटते. 'एक टाइप'ने केलेले 'मुक्त' आणि 'बलू' विनामूल्य मिळतात आणि दोघांचे स्वभाव निराळे आहेत. पण नावासाठी शक्यतो हातानेच अक्षरे काढा. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या वृत्तपत्री जाहिरातींसाठी आयुष्यभर नावे रेखाटली. नाटक विनोदी की गंभीर हे त्यांच्या अक्षरांवरूनच कळे. शेजारी नटाचा फोटो नसला तरी अडत नसे.

हिशेबाच्या गोष्टी रुक्ष असल्या तरी त्यांच्यापासून सुटका नाही. मुले लघुपटातलीच एक फ्रेम उचलून पोस्टर करतात. फुल एचडी फ्रेम १९२० बाय १०८० पिक्सेलची असते. ती आडवी, पोस्टर उभे. तिच्यातून दोनास तीन प्रमाणाचा उभा तुकडा कापला तर हाती ७२० बाय १०८० पिक्सेल राहतात आणि ३०० डीपीआयने छापले तर ते चित्र पत्त्याच्या पानाएवढे होते. ए-फोर मुखपृष्ठासाठी २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. म्हणून शूटिंगच्या दिवशीच पोस्टर आणि मुखपृष्ठासाठी वेगळे, उभे फोटो काढून ठेवा. सहा महिन्यांनी तो फड उभा नसतो आणि अभिनेत्रीने केस कापलेले असतात. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायचा झाला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर वाटेतच त्याचा चोथा होतो. चारी बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे छाटणीसाठी जादा कडा, सोडा. पडद्यावर झगमगणारा हिरवा रंग चार शाईंच्या छपाईत तसा उतरत नाही, तेव्हा आधी एक प्रूफ काढून पाहा.

मोठे पोस्टर छापायला पैसे नसले तरी त्याची परीक्षा घेता येते. चाळीस इंच उंचीचे पोस्टर वीस फुटांवरून डोळ्याला जेवढे भरते, साधारण तेवढेच ए-फोर कागदावरचे त्याचे प्रिंट सहा फुटांवरून भरते. भिंतीवर कागद लावा, सहा फूट मागे या आणि ते पोस्टर कधीही न पाहिलेल्या मित्राला तीन श्वास घेईपर्यंत पाहू द्या. मुखपृष्ठाची परीक्षा उलट. एसटी स्टँडवरच्या बुकस्टॉलवर अंक दोरीला टांगलेले असतात किंवा एकावर एक सरकवून मांडलेले असतात. दिसतो फक्त वरचा भाग. म्हणून मासिकाचे नाव माथ्यावर. आपल्या मुखपृष्ठाचा खालचा तीन-चतुर्थांश भाग वहीने झाका. राहिलेल्या पट्टीवरून मासिक ओळखू आले पाहिजे.

शेवटी एक गोष्ट गुणांपलीकडची. निवड न झालेल्या महोत्सवांची पानांची तोरणे पोस्टरवर लावू नका. सेन्सॉरचे प्रमाणपत्र न घेता त्याची खूण छापू नका. गुगलवरून उचललेला फोटो आपला म्हणून देऊ नका. आणि सर्वांत महत्त्वाचे : फडात काम करणाऱ्या एखाद्या बाईचा चेहरा तुम्हाला 'भारी' वाटला म्हणून तिला न विचारता भिंतीवर लावू नका. चित्रपटात ती दोन सेकंद दिसते आणि निघून जाते. पोस्टरवर ती गावभर राहते, आणि तिच्या पोराला शाळेत त्यावरून चिडवले जाऊ शकते. तिची परवानगी घ्या, तिला कळेल अशा भाषेत घ्या, आणि छापल्यावर एक प्रत तिला नेऊन द्या.

पुस्तिकेची मांडणी साधी आहे. पहिले प्रकरण पोस्टरचे, दुसरे मासिक ठरवण्याचे, तिसरे मुखपृष्ठाचे, चौथे अक्षरांचे आणि पाचवे छपाईचे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी 'अर्धा कोयता' एक पाऊल पुढे जातो, कधी फसतोही. फसलेली चित्रे मुद्दाम ठेवली आहेत. संगणक तिसऱ्या प्रकरणाआधी उघडायचा नाही. तोवर पेन्सिल आणि वर्तमानपत्राची रद्दी पुरते.

प्रकल्प पुरा झाला हे कसे ओळखायचे? गुण आम्ही देऊच, पण त्याआधी एवढे करा. पोस्टर कॉलेजच्या सायकल स्टँडच्या भिंतीवर लावा आणि बाजूला उभे राहा. चावी शोधत चाललेल्या कुणी तरी मान वळवून "हा कुठं लागलाय?" असे विचारले तर पोस्टर झाले. मग मुखपृष्ठाचा तो एकच सुटा कागद कुणाच्या तरी हातात द्या आणि काही बोलू नका. आत काय आहे ते पाहायला त्याने तो उलटला आणि मागची कोरी बाजू पाहून क्षणभर गोंधळला, तर मुखपृष्ठही झाले.